परदेशातून जुनी एलपी मागवायची आहे : 'व्हेरी गुड प्लस' म्हणजे नक्की किती गुड?

दादर_पश्चिम
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

लहानपणी आमच्या घरी किशोरी आमोणकरांची एक एलपी होती, एचएमव्हीची. १९८९ साली घर रंगवायला काढलं तेव्हा बाबांनी रेकॉर्ड प्लेयर आणि सगळ्या रेकॉर्ड भंगारवाल्याला दिल्या. किलोवर. कॅसेटचा जमाना होता, कोणाला वाईटही वाटलं नाही. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी मी टर्नटेबल घेतलाय आणि तीच एलपी हवी आहे. चोरबाजारात तीन फेऱ्या झाल्या. एक मिळाली, पण तिच्यावर बुरशीचा नकाशा होता आणि कव्हरच्या जागी लग्नाच्या अल्बमचा पुठ्ठा.

डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर इंग्लंडमधल्या एका दुकानदाराकडे दिसते आहे. ३८ पौंड, वर टपाल १९ पौंड. रेकॉर्ड 'व्हीजी प्लस' (व्हेरी गुड प्लस), कव्हर 'व्हीजी'. वर्णन एका ओळीचं: थोड्या खुणा, दिसायला छान, कव्हरच्या मागे लिखाण. फोटो तीन: पुढून कव्हर, मागून कव्हर, लेबल. मागच्या फोटोवर दिव्याची चमक पडली आहे, पेनाने काय लिहिलंय ते वाचता येत नाही.

शाळेत वहीवर 'व्हेरी गुड' आलं की आई शेजाऱ्यांना दाखवून यायची. इथे तो शेरा कितपत मनावर घ्यायचा? विक्रेत्याला काय विचारू? आणि खराब निघाली तर पुढे काय?

फुटपाथी
सत्तावन्न पौंड!! जरा पाणी पिऊन येतो.

खरखर
दादरकर, धाग्याबद्दल आभार. यावर कधीचं लिहायचं होतं.

आधी भाषेचा घोळ. डिस्कॉग्जवर जे शेरे असतात ते अमेरिकेतल्या गोल्डमाइन मासिकाच्या पद्धतीचे. वरून खाली असे : मिंट, निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी, गुड प्लस, गुड, फेअर, पुअर. यातल्या 'गुड'वर जाऊ नका. तिथे 'गुड' याचा अर्थ एवढाच की सुई उडी न मारता शेवटपर्यंत पोचते, वाटेत भजी तळल्याचा आवाज आला तर तक्रार नाही. 'व्हेरी गुड'मध्ये चरे दिसतात, त्यातले काही नखाला लागतात, आणि हळू वाजणाऱ्या जागी खरखर ऐकू येते. 'व्हीजी प्लस'ला खुणा बारीक असाव्यात आणि ऐकण्यात फारसा अडथळा नसावा. साधारण हिशेब असा धरतात की व्हीजी प्लसची किंमत निअर मिंटच्या निम्मी आणि व्हीजीची पाव. म्हणजे त्या एका 'प्लस'वर निम्मे पैसे टांगलेले असतात, आणि तो प्लस लावतो कोण, तर विकणाराच.

आता मुख्य मुद्दा. 'दिसायला छान' लिहिलंय, बरोबर? म्हणजे त्याने ती वाजवलेली नाही, फक्त बघितली आहे. हजारो रेकॉर्ड विकणारा माणूस एकेक ऐकत बसणार नाही हे समजू शकतं, पण बघून दिलेला शेरा आणि ऐकून दिलेला शेरा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिला प्रश्न हाच विचारा : वाजवून पाहिली आहे का?

माहीम_कॉजवे
हे अगदी वधूवर सूचक मंडळाच्या जाहिरातीसारखं आहे. सुस्वरूप = फोटो चांगला आलाय. गृहकृत्यदक्ष = चहा येतो. थोड्या खुणा = पत्रिकेत मंगळ आहे, प्रत्यक्ष भेटीत बोलू.

सुईधागा
@माहीम_कॉजवे :ड

खरखर यांच्यात थोडी भर. विक्रेता इंग्लंडचा आहे, आणि तिकडे रेकॉर्ड कलेक्टर मासिकाची पद्धत चालते. त्यात 'एक्सलंट' हा एक शेरा आहे जो गोल्डमाइनमध्ये नाहीच. इंग्रजांचं 'एक्सलंट' म्हणजे ढोबळमानाने अमेरिकनांचं 'व्हीजी प्लस'. जुना इंग्रज दुकानदार डिस्कॉग्जच्या यादीतला शेरा निवडताना मनात आपलीच पट्टी धरतो. त्यामुळे त्याचा व्हीजी प्लस अमेरिकन व्हीजी प्लसशी जुळेलच असं नाही. जपानी विक्रेत्यांचा माझा अनुभव तर असा, की त्यांची 'बी' दर्जाची रेकॉर्ड आपल्याकडे कोणी काचेच्या कपाटात ठेवेल.

विलेपार्ले_लूप
मी जरा वेगळं मत मांडतो. गेल्या सहा वर्षांत साठेक रेकॉर्ड जर्मनी आणि हॉलंडहून मागवल्या, चार सोडल्या तर सगळ्या वर्णनाबरहुकूम निघाल्या. एवढी उलटतपासणी करत बसलात तर विक्रेता म्हणेल नको हे गिऱ्हाईक. त्याचे जुने अभिप्राय वाचा, तेही चांगले सोडून फक्त वाईट आणि मधले. 'उशिरा आली' अशी तक्रार असेल तर ती टपालाची आहे, सोडून द्या. 'शेरा फुगवलेला' असं दोघा-तिघांनी लिहिलं असेल तर पुढे जा. दोन मिनिटांचं काम.

खरखर
@विलेपार्ले_लूप, तुम्ही काय मागवता तेही सांगा ना. मला आठवतं त्याप्रमाणे तुमचा संग्रह हार्ड रॉकचा आहे. तिथे ड्रम आणि गिटारच्या खाली खरखर झाकली जाते. यांना हवी आहे ती ख्यालाची एलपी. सुरुवातीला तानपुरा आणि एक आवाज, दोन-तीन मिनिटं तबलाही नाही. तोच शेरा, तेवढ्याच खुणा, पण आलापात प्रत्येक ठिपका कानावर टिचकी मारतो.

विलेपार्ले_लूप
हम्म. हा मुद्दा मान्य.

आडा_चौताल
खरखर यांनी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय. आमच्या संगीतात रेकॉर्डची अवस्था ओळखणं दोन कारणांनी अवघड जातं.

एक, आपल्या एलपीत बऱ्याचदा एका बाजूला एकच राग असतो, वीस-बावीस मिनिटं. सिनेगीतांच्या एलपीत दोन गाण्यांमध्ये गुळगुळीत पट्टी येते, ती शांत आहे की नाही यावरून अंदाज बांधता येतो. इथे पट्टीच नाही. सुरुवातीचा रिकामा वळसा तेवढा मिळतो. शिवाय बाजू लांब असली की खाचा जवळ जवळ कोराव्या लागतात आणि आवाजाची पातळी कमी ठेवावी लागते. तुम्ही आवाज वाढवता, त्याबरोबर खरखरही वाढते.

दुसरं कारण जास्त दुष्ट आहे. रेकॉर्ड एकाच गतीने फिरते, पण कडेला सुईखालून सेकंदाला साधारण अर्धा मीटर खाच जाते आणि लेबलाजवळ जेमतेम वीस सेंटिमीटर. म्हणजे आतल्या वळशांमध्ये तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. झीज होते ती तिथे आधी कळते, आवाज फाटतो. आणि ख्यालात लेबलाजवळ काय असतं? द्रुत बंदीश, ताना, तार सप्तक! गवई जिथे कळसाला पोचतो नेमकी तिथे रेकॉर्ड सर्वांत दुबळी. त्यामुळे विक्रेत्याने नमुना ऐकवायची तयारी दाखवली तर सुरुवातीचा नको, दोन्ही बाजूंच्या शेवटच्या दोन मिनिटांचा मागा.

दादर_पश्चिम
अरे बाप रे. हे असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या घरच्या रेकॉर्डवर शेवटी शेवटी किशोरीताईंचा आवाज चिरकल्यासारखा यायचा. मी इतकी वर्षं समजत होतो की तानेतच तसं आहे.

गिरगाव_चौपाटी
दादरकर, तुमच्याकडे एचएमव्हीची फिएस्टा होती का? तो सुटकेससारखा रेकॉर्ड प्लेयर?

दादर_पश्चिम
हो! झाकणातच स्पीकर. लाल.

गिरगाव_चौपाटी
मग चिरकणारच. त्यात सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला तुकडा) असायचं, आणि आजच्या सुया दीड-दोन ग्रॅमने टेकतात तिथे त्यातल्या सुईचा भार कितीतरी जास्त. त्यात आपल्याकडे सुई बदलायची ती मोडल्यावर. आणि आर्मवर, म्हणजे सुईच्या दांड्यावर, चार आण्याचं नाणं चिकटवायचं, उडी मारू नये म्हणून! आमच्या काकांनी तर सेलोटेपने कायमचं लावलं होतं. म्हणूनच चोरबाजारात कधी कधी आरशासारखी चमकणारी रेकॉर्ड मिळते आणि वाजवली की चाळणीतून गाळल्यासारखी. चरा डोळ्याला दिसतो, झीज सहसा दिसत नाही. फार झिजली असेल तर खाचांवर राखाडी छटा येते, ती पण तिरप्या उजेडात.

त्या हिशेबाने तिकडे गेलेल्या प्रती बऱ्या. बरे प्लेयर, वर मुंबईचा पावसाळा नाही. (हा माझा अंदाज आहे, पुरावा मागू नये.)

फुटपाथी
नाणं!! आमच्याकडे काड्यापेटी ठेवायचे. भरलेली. रिकामी झाली की आवाज सुधारायचा.

सुईधागा
तिरप्या उजेडावरून फोटोंचं सांगते. दादरकर, तुमच्याकडच्या तीन फोटोंपैकी एकही रेकॉर्डच्या काळ्या भागाचा नाही. लेबलाचा फोटो कामाचा आहे, तो मोठा करून मधल्या भोकाभोवती बघा. रेकॉर्ड बसवताना दांडा चुकून लेबलावर घासतो आणि केसासारख्या बारीक रेघा उमटतात. रेघांचं जाळं असेल तर भरपूर वाजलेली आहे. एक-दोन रेघा म्हणजे घरात शोभेला होती किंवा मालक सवाष्णीच्या हाताचा होता. खिडकीतून येणाऱ्या उजेडात काढलेल्या फोटोत प्रत्येक रेकॉर्ड नवरी दिसते. एकच बल्ब, आणि रेकॉर्ड थोडी तिरकी धरून फोटो मागा. चरे लगेच दिसतात.

कव्हरचंही विचारा. शिवण कुठे उसवली आहे, रेकॉर्डच्या गोल काठाचा वळ कव्हरवर उठलाय का, आत मूळचं पाकीट आहे की नाही. मऊ पीव्हीसीच्या पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेली रेकॉर्ड मात्र टाळा. त्या प्लास्टिकमधून निघणाऱ्या द्रव्याने रेकॉर्डवर धुकं बसतं. धुऊन जात नाही, आणि कायमचा 'शूऽऽ' आवाज येतो.

कांजूर_जंक्शन
मालक सवाष्णीच्या हाताचा :हाहा:

माहीम_कॉजवे
टिकटिक, खरखर आणि शूऽऽ यात फरक काय, कोणी सांगेल का? मला सगळं फोडणीसारखंच ऐकू येतं.

खरखर
फोडणीतही मोहरी आणि हिंग वेगळे ऐकू येतात, माहीमकर.

घड्याळ घेऊन बसा. एलपी मिनिटाला ३३⅓ वेळा फिरते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदाचा. 'टिक' बरोबर १.८ सेकंदांनी परत परत आला तर तो आडवा चरा आहे, किती वेळा येतो यावरून त्याची लांबी कळते. हा जाणार नाही. अनियमित, पसरलेली खरखर असेल तर धूळ किंवा स्थिर वीज, ती धुतल्यावर बऱ्यापैकी जाते. सलग 'शूऽऽ' असेल तर झीज किंवा ते वर सांगितलेलं धुकं, त्यावर इलाज नाही. सूर वर-खाली झोके घेत असेल, तानपुऱ्यात पटकन कळतं, तर भोक मधोमध नाही किंवा रेकॉर्ड वाकलेली आहे. विक्रेत्याने फोनवर ध्वनिमुद्रण करून पाठवलं तर जरा जपून, काही फोन आपणहून मागचा आवाज दाबतात.

लाखमोलाची
लाखेच्या रेकॉर्डवाल्यांनी, म्हणजे मिनिटाला ७८ वेळा फिरणाऱ्यांच्या, इथलं सगळं जसंच्या तसं घेऊ नये. लाखेवर अल्कोहोल लावलंत तर ती विरघळते. आणि त्यांना एलपीची सुई नको, खाच जवळपास तिप्पट रुंद असते. जुन्या काळी पोलादी सुया असत, प्रत्येक बाजूनंतर बदलायच्या. कोण बदलतंय? म्हणून परदेशातून ७८ मागवताना मी कव्हर-बिव्हर बघत नाही. काठाला टवका आहे का, केसाएवढी तडा आहे का, आणि बांधणार कशी, एवढे तीन प्रश्न. दोन वर्षांपूर्वी एक मागवली होती, पेटी हलवली तर खुळखुळ्यासारखी वाजली. उघडलीच नाही तीन दिवस.

ऐरोली_एक्सप्रेस
डाग पडलेल्या रेकॉर्डवर फेव्हिकॉल ओतून वाळल्यावर साल काढायची, सगळी घाण निघते असा व्हिडिओ पाहिला. कोणी केलंय?

फुटपाथी
फेव्हिकॉलचं जोड आहे, सुटणार नाही.

गिरगाव_चौपाटी
@ऐरोली_एक्सप्रेस, लाकडाच्या गोंदाने तिकडे लोक करतात हे खरं. थर पातळ पडला तर साल तुकड्या-तुकड्याने निघते आणि खाचेत अडकते. मी एकदा केलं, एका नकोशा रेकॉर्डवर, आणि आता ती खरंच नकोशी आहे. साधं करा: बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, लेबल ओलं होऊ द्यायचं नाही, उभी ठेवून वाळवायची. मुंबईत नळाचं पाणी वापरलंत तर क्षार खाचेत बसतात.

विलेपार्ले_लूप
दादरकरांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी गेलंच नाही. खराब निघाली तर?

पैसे पेपालने द्या. वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर १८० दिवसांच्या आत तक्रार करता येते. ईबेवर मागवलंत तर तिथे ३० दिवस. पण खरी गोम परतीच्या टपालात आहे. ३८ पौंडांची वस्तू परत पाठवायला तुम्हाला मुंबईहून दोन-अडीच हजार लागणार. म्हणून बहुतेक वेळा तोडगा निघतो तो अर्धवट परताव्यावर : रेकॉर्ड ठेवा, दहा पौंड परत. त्यासाठी पेटी उघडतानाच फोटो काढा, पहिल्यांदा वाजवताना मुद्रण करा. आणि तक्रार सभ्य भाषेत. माझ्या चारपैकी तीन विक्रेत्यांनी मुकाट परतावा दिला, एकाने मला 'तुमची सुई बदला' म्हणून सुनावलं. (बदलायला झाली होती, ते वेगळं.)

बांधणीबद्दल आधीच लिहा : रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून वेगळ्या पिशवीत ठेवून, कव्हरमागे सरकवून पाठवा. आत ठेवून पाठवली की विमानात आदळआपट होते आणि रेकॉर्ड कव्हरची शिवण फाडून बाहेर येते. मग व्हीजी कव्हर वाटेतच गुड होतं.

कांजूर_जंक्शन
आणि कस्टम! विक्रेते दयाळूपणे पाकिटावर 'गिफ्ट' लिहितात, त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. २०१९ च्या डिसेंबरपासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून भेटवस्तूंची शुल्कमाफी बंद आहे. किंमत खरीच लिहायला सांगा, कमी लिहिली आणि पार्सल गहाळ झालं तर भरपाईही कमीच. कुरियरने आलं तर ओळखपत्राची कागदपत्रं मागतात, ती लगेच द्या. टपालाने आलं आणि अडकलं तर बॅलार्ड इस्टेटच्या परदेशी टपाल कार्यालयात चक्कर. मी एकदा गेलो होतो, पार्सल हातात पडेपर्यंत दुपार झाली, पण खाली उतरल्यावर फोर्टात खिमा-पाव मिळाला. सगळं धरून तुमची ५७ पौंडांची रेकॉर्ड आणखी वर जाईल, तेवढं मनाशी ठेवा.

मटण_स्ट्रीट
एवढा सगळा खटाटोप बघून हसू येतं. चोरबाजारात या. रेकॉर्ड हातात घ्या, उन्हात तिरकी धरा, नख फिरवा, वास घ्या (हो, वास, बुरशी आधी नाकाला कळते), काही दुकानांत वाजवूनही दाखवतात. भाव करा. चहा प्या. इंग्लंडमधला माणूस तुम्हाला चहा देणार आहे का?

दादर_पश्चिम
साहेब, तीन फेऱ्या केल्या हो. लग्नाच्या अल्बमचा पुठ्ठा विसरलात का.

मटण_स्ट्रीट
तीनच? लोकांची हयात जाते.

सुईधागा
मटण_स्ट्रीट यांचं एका बाबतीत बरोबर आहे. जे हाताने करता येतं तेच दुसऱ्याच्या हाताने करून घ्यायचं, एवढंच परदेशी खरेदीत असतं. नख तुमचं नाही, त्याचं.

खाचखळगे
अवांतर, पण शिकण्यासारखं. परदेशातून घेताना अवस्थेआधी प्रत कोणती आहे ते बघा. चरणजीत सिंग यांची सिंथेसायझरवरच्या रागांची १९८२ ची एचएमव्ही एलपी घ्या. त्या काळी फारशी कोणी विचारली नाही, २०१० मध्ये बॉम्बे कनेक्शन या रेकॉर्ड कंपनीने ती पुन्हा काढली आणि जगभर नाव झालं. मूळ प्रतीची आणि नव्या प्रतीची किंमत यात जमीन-अस्मानाचा फरक. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत भागात कोरलेले आकडे-अक्षरं असतात, त्यांचा फोटो मागायचा आणि डिस्कॉग्जच्या नोंदीशी ताडायचा. इंग्लंडमधल्या हेजच्या कारखान्यातल्या जुन्या ईएमआय रेकॉर्डवर तर गंमत असायची. 'ग्रामोफोन लिमिटेड'च्या संक्षेपातली दहा अक्षरं, जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी, म्हणजे १ ते ९ आणि ०. 'जीआर' असं कोरलेलं असलं की रेकॉर्ड बाराव्या साच्यातून निघालेली. वाण्याच्या दुकानात खरेदीचा भाव लिहायची गुप्त अक्षरं असतात ना, तसंच.

लाखमोलाची
वाण्याची उपमा आवडली.

सीडीप्रेमी
सीडी घेणाऱ्यांसाठी एक ओळ. १९८८ ते १९९३ च्या दरम्यान इंग्लंडमधल्या पीडीओ कारखान्यात बनलेल्या काही सीडी कडेकडून तांबूस होत जातात आणि शेवटी वाजत नाहीत. चरा एकही नसतो, त्यामुळे विक्रेता बेलाशक 'मिंट' लिहितो. खालच्या बाजूचा रंग विचारा, आतल्या कड्याजवळ 'मेड इन यूके बाय पीडीओ' आहे का ते बघा. चला, तुमचं चालू द्या.

दादर_पश्चिम
मंडळी, तुमच्या प्रतिसादांवरून पत्र तयार केलं आणि पाठवलं. उद्धट वाटू नये म्हणून सुरुवातीला घरच्या रेकॉर्डची आणि भंगारवाल्याची गोष्ट लिहिली. काल उत्तर आलं.

वाजवली नव्हती, हे त्याने सरळ कबूल केलं. मग वाजवली. म्हणतो, दुसरी बाजू उत्तम. पहिल्या बाजूला सुरुवातीपासून पाच-सहा मिनिटांवर टिकटिक आहे, चरा नखाला किंचित लागतो. चार फोटो आणि तीन ध्वनिमुद्रणं पाठवली आहेत. दोन्ही बाजूंचा शेवटही पाठवला. लेबलाच्या भोकाजवळ चार-पाच रेघा आहेत. शेवटी आपणच शेरा खाली आणून व्हीजी केला आणि किंमत २६ पौंड. लिखाणाबद्दल म्हणतो, भारतीय लिपी आहे, मला वाचता येत नाही.

मुद्रण तीनदा ऐकलं. टिक बरोबर १.८ सेकंदाने. घड्याळ लावून बसलो होतो, बायको म्हणाली नाडी बघताय का.

आडा_चौताल
द्रुत कशी आहे? शेवटची तान?

दादर_पश्चिम
स्वच्छ. चिरकत नाही. आयुष्यात पहिल्यांदा ऐकली म्हणायला हरकत नाही.

खरखर
मग घ्या. किती टिक आहेत?

दादर_पश्चिम
अकरा.

खरखर
म्हणजे वीस सेकंद. बावीस मिनिटांत वीस सेकंद.

मटण_स्ट्रीट
तरीही नख तुमचं नाही.

विलेपार्ले_लूप
घ्या हो. असा विक्रेता मिळाला तर पुढच्या वेळी त्याच्याकडूनच आणखी तीन घ्या, टपाल वाटलं जातं.

दादर_पश्चिम
(पाच आठवड्यांनी) धागा वर काढतोय.

आली. तेवीस दिवस लागले, कस्टमवाल्यांनी फार पिळलं नाही. बांधणी सांगितल्याप्रमाणे, शिवण शाबूत. एक गोष्ट मात्र ना त्याने सांगितली ना आपल्यापैकी कोणी विचारायला सुचवली : काठाला हलका बाक आहे. पहिल्या मिनिटभर आर्म होडीसारखा डुलतो, आवाजात काही कळत नाही. वाटेतल्या उन्हाने झालं की आधीपासून होतं, देव जाणे.

खरखर
चूक माझी. 'सपाट आहे का, फिरताना समोरून व्हिडिओ पाठवा' हे मी दरवेळी विचारतो आणि इथे लिहायला विसरलो. ऐकू येत नसेल तर हात लावू नका. दोन काचांमध्ये दाबून भट्टीत ठेवण्याचे व्हिडिओ आहेत, त्या वाटेला जाऊ नका.

फुटपाथी
फेव्हिकॉल?

सुईधागा
लिखाण काय निघालं?

दादर_पश्चिम
तेच सांगायला आलोय. कव्हरच्या मागे, उजव्या कोपऱ्यात, निळ्या शाईने, सुबक मराठी अक्षरात : 'दुसरी बाजू आधी लावणे. पहिलीला आलापात टिकटिक आहे.'

माहीम_कॉजवे
!!!

आडा_चौताल
आणि खाली नाव, गाव?

दादर_पश्चिम
नाव नाही. फक्त '११ वेळा' असं लिहून अधोरेखित केलंय.

खरखर
म्हणजे मोजले होते.

मटण_स्ट्रीट
त्या दुकानदाराला मराठी येत असतं तर आपला एवढा धागा वाचला असता. मग, कुठली आधी लावली?

दादर_पश्चिम
दुसरी.